एका वेळी एकच कार्ड

बाप-लेक एकाच प्रयोगशाळेत कामाला होते. बाबा गेले, तरी त्यांचं दाराचं कार्ड तिने आपल्या कार्डाच्याच पाकिटात ठेवलं. रोज सकाळी दार लाल दिवा लावून अडून बसायचं.

"ताई, दोन कार्डं जवळ आली की यंत्र गोंधळतं," पहारेकरी काका म्हणाले. "साहेबांचं घरी ठेवा बघू."

जड मनाने तिने ते कपाटात ठेवलं. आज पाकिटात तिचं एकटीचंच कार्ड होतं, तरी दिवा लालच. पडद्यावर नेहमीचंच वाक्य: 'एका वेळी एकच कार्ड.'

तिला एकदम हलकं वाटलं. बाबांना कायम पुढे जायची घाई. ती हसून बाजूला सरकली.

दार उघडलं, एक माणूस आत जाईल एवढा वेळ थांबलं आणि मिटलं.

काका सवयीने खुर्चीतून उठून उभे राहिले होते.