पोवळ्याच्या खडकातली मुशी

"त्यो मासा असतो तरी कसा, तेवढं सांगा मला," कडूबाई म्हणाली.

सटवाचा घास हातातच राहिला. चौसाळ्याचा हा माणूस तिच्या नवऱ्याबरोबर गलबतावर खलाशी होता. कैक वर्षांनी आईला भेटायला निघाला होता आणि वाट वाकडी करून तेलगावला तिच्याकडे आला होता.

नवऱ्याला, आश्रुबाला, मुशी माशानं खाल्लं, अशी खबर मुंबईच्या गोदीतून आली तेव्हाच कडूबाईच्या बांगड्या फुटल्या. निजामाच्या त्या मुलखात समुद्रच कुणी पाहिला नव्हता, तर मुशी कुठून पाहणार? सुतक फिटेपर्यंत गाव हळहळलं, मग विसरलं. कडूबाईला विसरता आलं नाही. कापूस वेचताना, एकटीपुरती चूल पेटवताना तिला त्या माशाचे दात दिसायचे. पण त्याच्याबद्दल विचारावं कुणाला? आज तसा माणूस तिच्या ओसरीवर जेवत होता.

सटवा आधी अडखळला. मग समुद्राचं नाव निघाल्यावर खुलत गेला.

"आमचं गलबत लागतं त्या बेटाभवती पोवळ्याचे खडक हायेत, वैनी. पानी कमरंइतकं, काचंवानी. मुशी तितंच ऱ्हाती. पंखाला काळं टोक, शाईत बुडवल्यागत. बारकी मासळी खाती, खेकडं खाती. अंडी घालत न्हाई, गाईगत पिलू देती. आन् आपला खडक सोडून लांब जात न्हाई. वर्षानुवर्षं तितंच."

"आन् मानूस?"

"न्हाई हो. लई भित्री जात. मानूस उतरला की पळती. आमी तर रोज तिच्या संगट पवतो..."

तो एकदम थांबला. हातातला घास त्यानं ताटात ठेवला. मान काही वर करेना.

कडूबाईनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

"बाई तिकडलीच हाय?" तिनं विचारलं.

"हौ," सटवा पुटपुटला. "एक पोरगी बी हाय. आश्रुबानंच धाडलं मला. कडूबाई कशी हाय, लांबूनच बघून ये म्हनला. माझ्यानं लांबून जाववलं न्हाई."

कडूबाई उठली. तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, वर कालवण घातलं.

"परत जानार का तुमी?"

"जानार. कावून इचारता?"

"मंग त्यांना सांगा," ती म्हणाली, "कडूबाई पटकीच्या साथीत गेली."