गेटवरचा ओटीपी

ट्यूशनच्या कमाईचं पहिलं रिटर्न मी स्वतः भरलं. शेवटच्या पायरीला ओटीपी गेला यांच्या मोबाईलवर. माझ्या आधारला नंबर यांचाच. फॅक्टरीत मोबाईल नेऊ देत नाहीत, गेटवरच जमा. तारीख आजचीच शेवटची. फॅक्टरी सुटल्यावर मी नवा ओटीपी मागवला आणि फोन लावला. गेटवरच्या गर्दीत हे आकडे मोठ्याने वाचून राहिले. मी म्हटलं, "हळू बोला, ओटीपी कोणाला सांगायचा नसतो." तेवढ्यात यांच्यासोबत काम करणाऱ्या सिहोऱ्याच्या दुबेंनी विचारलेलं फोनवर ऐकू आलं, "क्या हुआ, भैया?" "मिसेस का रिटर्न भर रहे हैं." "अच्छा? भाभी तो घर पे ही रहती हैं." हे वाक्य यांचंच, वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगितलेलं. मग यांचा आवाज, "टीचर हैं. गणित पढाती हैं." मी म्हटलं, "पुन्हा सांगा." यांनी आकडे पुन्हा वाचले. आकडे तर मी केव्हाच टाकले होते.