चपटीतलं आगळ

"ये बोतल कहाँ से आई?"

रईसा मॅडमनी विचारलं आणि कायदेमंडळाचं कामकाज थांबलं. रियाधमधल्या एका भारतीय शाळेच्या हॉलमध्ये नाटुकल्याची तालीम चालू होती. काळ इंग्रजांचा, कायदेमंडळ मुंबई इलाख्याचं, सभासद आठवीतल्या मुली. वाद दारूच्या दुकानांचा होता. विरोधक म्हणत होते, परवाने रद्द करा. सरकार म्हणत होतं, परवान्यांच्या उत्पन्नावर शाळा चालतात. आणि मधल्या टेबलावर, विरोधकांचा पुरावा म्हणून, एक चपटी उभी होती. आत काळपट लाल काहीतरी. काचेवर दारूच्या कंपनीचं नाव उठून दिसत होतं.

"माझ्या घरून, मॅडम," निधी म्हणाली. सरकारचा खजिना तिच्याकडे होता. आजीनं बांधलेला फेटा तिच्या भुवयांवर उतरला होता.

फेटे बांधायला म्हणून आलेल्या आजी, तुळसाबाई, मागच्या खुर्चीवरून उठल्या. बाटली त्यांनीच दिली होती. नातीनं मागितली, हाताला आली ती दिली. त्यांच्या गावात कोकमाचं आगळ, म्हणजे खारवलेला रस, चपटीतच भरतात. आकारानं लहान, झाकण घट्ट, सामानात सांडत नाही. ती मुळात कशाची बाटली, हे इतक्या वर्षांत त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आता आलं. आणि तेही या दारूबंदीच्या देशात, शाळेत, नातीच्या हातात. उद्या निधीच्या बाबाला, सुमीतला, ऑफिसात बोलावून विचारलं तर पोरानं काय सांगायचं? नोकरी गेली की इकामा, इथं राहायचा परवाना, गेला. इकामा गेला की घर, शाळा, सगळंच खलास.

"उसमें दारू नहीं है," त्या आपल्या हिंदीत म्हणाल्या. "कोकम का आगळ है. कढी में डालते हैं."

"बोतल तो वही है ना, अम्मा. गेट पर किसी ने देखी होती, तो मैं क्या जवाब देती?"

मॅडमनी झाकण उघडलं. बाटली जरा लांबच धरून वास घेतला. मग जवळ आणून पुन्हा घेतला. करंगळीवर एक थेंब घेऊन जिभेला लावला आणि घट्ट डोळे मिटले.

"मीठ जास्त पडलंय, आजी," त्या म्हणाल्या. मराठीत.

"तुम्ही कुठल्या?" तुळसाबाईंनी विचारलं.

"मी श्रीवर्धनची. आमच्याकडेही चपटीतनंच यायचं. बाटल्या कुठून येतात, ते अम्मीला कधी विचारलं नाही आम्ही."

"भंगारवाल्याकडनं," तुळसाबाई घाईनं म्हणाल्या. "राखेनं घासून, गरम पाण्यानं धुऊन घेते मी."

"तर काय. नाहीतर मिठाआधी दारूच लागली असती जिभेला."

मुलींना ते कळलं नाही, पण मॅडम हसल्या म्हणून त्याही हसल्या. मॅडमनी आगळ पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतलं. चपटी कागदात गुंडाळून स्वतःच्या पिशवीच्या तळाशी ठेवली.

"ही मी फोडून टाकते. घरी कुणाला सांगत बसू नका. आणि यातलं वाटीभर आगळ मला हवं."

"सगळंच घ्या हो," तुळसाबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. त्यांनी पदरानं मान पुसली.

"यल्ला, वहीं से शुरू करो." मॅडमनी टाळी वाजवली.

निधीनं फेटा वर सारला, छाती पुढे काढली. "परवाने बंद करोगे, तो स्कूल किसके पैसे से चलेंगे?"

विरोधकांची पुढारी होती स्मृती. ती आपलं वाक्य विसरली. तिनं छताकडे पाहिलं, मग मॅडमकडे, मग टेबलावर मघाशी बाटली होती त्या जागेकडे.

"चालतात गं," मागून तुळसाबाई म्हणाल्या. आवाज आता मोकळा झाला होता. "आमच्या गावचं दारूचं दुकान बंद झालं ना, त्याच जूनमध्ये बाबांनी मला पाटी आणली."