दोघांपैकी कुणीही

सिद्धान्त माणसाला हेव्यादाव्यांच्या वर नेतो. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा विभागातल्या थोरल्या सरांना त्याने निदान खुर्चीवर तरी चढवलं होतं. नोटीसबोर्डावरच्या पत्रकाच्या तीन टाचण्या निघाल्या होत्या, चौथीला हात पुरत नव्हता, आणि हे सगळं शिपाई यायच्या आत उरकायचं होतं.

पत्रक परदेशातल्या परिषदेचं. विषय, 'सुरक्षा-सिद्धान्तातील वंशवाद आणि प्राच्यवाद'. बीजभाषण धाकट्या सरांचं. धाकटे सर म्हणजे थोरल्यांच्या बायकोचे सख्खे भाऊ. या विषयात त्यांना बोट धरून आणलं ते थोरल्यांनीच. गोऱ्या सिद्धान्तकारांना आपण सगळे एकाच साच्यातले दिसतो, एकजात धोकादायक, असं थोरले वीस वर्षं लिहीत होते. ते लिहायचे, मेहुणे विमानात बसायचे.

"भाऊजी, पडाल." दारात धाकटे सर उभे.

"तिरकं लागलंय. सरळ करतोय."

"फोटो पाहिलात का?"

थोरल्यांनी नावाच्या पुढे काही वाचलंच नव्हतं. आता चष्मा सावरून पाहिलं. नाव मेहुण्याचं, फोटो त्यांचा स्वतःचा. विभागाच्या ग्रुप फोटोतून कापलेला. कडेला मेहुण्याचा अर्धा कान राहिला होता.

"बघ!" ते खुर्चीवरूनच गरजले. "वीस वर्षं मी काय घसा कोरडा करतोय? ह्यांना आपण वेगळे दिसतच नाही! कडक पत्र लिही त्यांना."

"सकाळीच लिहिलं. उत्तरही आलं."

"काय म्हणतात?"

धाकट्यांनी मोबाइलवरून वाचून दाखवलं. "मनापासून दिलगीर आहेत. पण पत्रकं छापून झालीत. दोघांपैकी कुणीही आलं तरी चालेल."

थोरले सर खाली उतरले. अपमान झाला होता, आणि त्यातही मेहुण्याचा निम्मा वाटा होता.

"निषेध म्हणून कुणीच जायचं नाही," धाकटे म्हणाले.

"अगदी बरोबर." थोरले पुन्हा खुर्चीवर चढले. खिशातल्या तिन्ही टाचण्या एकेक करून जागच्या जागी दाबल्या. मग पाठमोरेच म्हणाले, "तुझा पासपोर्ट कधी संपतो रे?"

"पुढच्याच महिन्यात. का?"

"सहज." त्यांनी पत्रक सरळ केलं. "माझा अजून सहा वर्षं चालेल."