साडेतीन अळंब्या

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत टेबलावर दोन डबे होते. एकात एक बेडूक: लाल, निळ्या पायांचा, अंगठ्याच्या पेराएवढा. दुसऱ्यात साडेतीन अळंब्या: पांढऱ्या, परवा भाजी करून उरलेल्या.

“अळंब्या कशाला मागवल्यास गं?” वहिनी म्हणाली. “विष त्या बेडकात आहे, बेडकांच्या पुस्तकातच लिहिलंय. तरी तुझा दादा त्याला तळहातावर घेऊन बसतो. मला नाही कधी एवढ्या प्रेमानं धरलं.”

नणंद याच रुग्णालयात रक्त तपासायची. ती हसली नाही. “हा काचेच्या पेटीत जन्मलाय, वहिनी. रानातल्या मुंग्या खाल्ल्या तर यांच्या अंगात विष साठतं. हा फळमाश्यांवर वाढलाय. दादा जेवला कधी?”

“परवा दुपारी एक वाजता. उलट्या सुरू झाल्या रात्री दोनला. अळंब्या बाधल्या असत्या तर तेरा तास लागले असते का?”

“तू खाल्ल्यास?”

“मला वासच सोसत नाही. त्याला आवडतात म्हणून मी तोडून आणल्या. रानातल्या पायवाटेला ढिगानं उगवतात.”

नणंदेनं अर्धी अळंबी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दाबली. ओल सुकू दिली. वर आम्लाचा एक थेंब सोडला. “विष असेल तर डाग निळा होईल.”

फोन वाजला. वरच्या मजल्यावरच्या वॉर्डातून दादा. आवाज खोलीभर ऐकू येत होता.

“शास्त्रज्ञबाई, माझ्या बेडूकराजाला टोचू नका हं! मी ठणठणीत आहे. भूक लागलीय कडकडून. डॉक्टर म्हणाले, रक्ताचा रिपोर्ट आला की दुपारी घरी.”

“बघ!” वहिनीचा चेहरा खुलला. “उगाच घाबरवतेस.”

कागदावरचा डाग निळसर झाला. मग निळा.

“दादा, पलंगावरून उठू नकोस,” नणंद म्हणाली आणि फोन ठेवला.

“काय झालं?”

“या अळंबीनं आधी उलट्या होतात, त्याही दहा-बारा तासांनी. मग एक दिवस माणसाला अगदी बरं वाटतं.”

“आणि मग?”

नणंदेनं डॉक्टरांचा नंबर फिरवला. “त्याला घरी सोडू नका. बेडूक नाही, अळंबी आहे. यकृत जाईल त्याचं.” वहिनीनं टेबलाची कड धरली.

मागं यंत्रातून रिपोर्ट सरकत बाहेर आला. नणंदेनं तो फोनवरच वाचून दाखवला. यकृताचा आकडा, निरोगी माणसात: चाळीसपर्यंत. दादाच्या रक्तात: दोन हजार आठशे सत्तर.