वकिलाची जागा

"आरोपीच्या अंगावर एकही जखम नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय," सरकारी वकील म्हणाले. "मग जीव वाचवायला वार केला, तो कशापासून?"

कल्याणच्या कोर्टात पुढच्या बाकावर दगडू बसला होता. त्याचा उजवा हात मनगटापाशीच संपत होता. फडक्यातून अजून पिवळं पाणी पाझरत होतं. कोयता त्याच्या बायकोने, गोदूबाईने चालवला होता. ती पिंजऱ्यात डोक्यावरून पदर ओढून उभी होती.

तिच्या बाजूने व्हिक्टोरिया उठली. कायदा शिकूनही तिला वकिलीची सनद नव्हती. बाईला त्या काळी ती देतच नसत. या एका खटल्यापुरती मॅजिस्ट्रेटांनी परवानगी दिली होती, आणि बाई वकिली कशी करते ते बघायला खिडक्यांत माणसं लटकली होती.

"डॉक्टरांना तिने पाठ दाखवलीच नाही," व्हिक्टोरिया म्हणाली. "परक्या पुरुषापुढे ती चोळी सोडत नाही. कोठडीत मी स्वतः पाहिलं. फावड्याच्या दांड्याने कातडी फुटलीय आणि फुटल्या जागी मीठ चोळलंय. नवरा मिठागरावर काम करतो. तो पुन्हा दांडा घेऊन आला, तेव्हा—"

"स्वतः पाहिलंत?" सरकारी वकील हसले. "मग बाईसाहेब, तुमची जागा तिकडे." त्यांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे बोट केलं.

"त्यांचं बरोबर आहे," मॅजिस्ट्रेट म्हणाले. "साक्ष द्यायची तर वकीलपत्र सोडा. आणि अशी परवानगी मी पुन्हा देईन, असं समजू नका."

"आटोपली वकिली," खिडकीतून कुणीतरी म्हणालं.

व्हिक्टोरियाने समोरचे कागद मिटले. त्यांवर क्षणभर हात ठेवला. मग खुर्ची मागे सारून ती साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे निघाली.

अर्ध्या वाटेत तिला बांगड्यांचा आवाज आला.

गोदूबाईने कोर्टाकडे पाठ केली होती. पदर खाली पडला होता. तिने चोळीची गाठ सोडली. कापड खपल्यांना चिकटलं होतं. तिने ते ओढलं, तशा खपल्याही निघाल्या. रक्त कमरेपर्यंत ओघळलं.

"बाय, तुमी नका जाव," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "तुमी बोला."

खिडक्यांतली माणसं पायाखाली बघू लागली. सरकारी वकील कागद चाळू लागले.

व्हिक्टोरिया परत टेबलापाशी आली.

"हुजूर," ती म्हणाली, "मान वर करावी."