हेडर

“भाषणात विसरण्याच्या आजाराचं काढू नकोस,” चर्चच्या दारात फुटबॉल क्लबचे अध्यक्ष इंगरला म्हणाले. “डेन्मार्कभर लोक तुझ्या बाबांना हेडरसाठी ओळखतात. तेवढंच राहू दे.”

डोक्याने गोल मारणारे बाबा शेवटी शेवटी तिलाच विचारायचे, “बाई, आपण कोण?”

इंगर शवपेटीपाशी उभी राहिली. समोरच्या बाकांवर बाबांच्या संघातले जुने सोबती बसले होते.

“चेंडू डोक्यावर घेऊन घेऊन बाबांचा मेंदू झिजला, असं डॉक्टरांना वाटतं. बाबांनी शुद्धीत असतानाच सांगितलं होतं, म्हणून मी तो तपासायला दिलाय. या पेटीत तो नाही.”

अध्यक्षांनी घसा खाकरला. पहिल्या बाकावरचा थकलेला बचावपटू काठी टेकत उभा राहिला.

“पोरी, माझंही नाव सांगून ठेव त्या डॉक्टरांना.”

मग त्याच्या शेजारचाही उठला.